अमेरिकन नवरा आणि 1 जूनचा वाढदिवस: स्पाउस व्हिसाची फाइल कशी लावायची

माझा नवरा अमेरिकन, मी अमळनेर तालुक्यातली. माझी फाइल मीच भरली, चुकवली, आणि मीच निस्तरली. त्यानंतर नात्यागोत्यातल्या नि ओळखीच्या नऊ जणांच्या फायली बसून भरून दिल्यात, त्यामुळे कोण कुठे अडकतं ते आता पाठ झालंय. प्रेम खरं आहे का यावर अडकणारे फार कमी, बाकी सगळे जन्माच्या दाखल्यावर अडकतात.

पहिल्यांदा एक सल्ला डोक्यातून काढून टाका, तो म्हणजे "टुरिस्ट व्हिसावर जा आणि तिकडे गेल्यावर बदलून घ्या". हे सांगणारा काका प्रत्येक लग्नात भेटतो. राहायच्या इराद्याने जायचं आणि ऑफिसरला फिरायला चाललो म्हणून सांगायचं, याला ते लोक खोटी माहिती देणं म्हणतात आणि त्यावरून आयुष्यभराची बंदी येऊ शकते. काकाचं काय जातंय.

जोडीदार सिटिझन आहे का ग्रीनकार्डवाला, हे लग्नाआधीच विचारून घ्या. सिटिझनच्या नवरा-बायकोला कोटा नाही, रांग नाही, फक्त प्रोसेसिंगचा वेळ. ग्रीनकार्डवाल्याच्या जोडीदाराला मात्र रांग असते. खाली लिहिलंय ते सिटिझनवाल्यांसाठी.

लग्नाचा कागद: दोघं वेगळ्या धर्माचे असाल तर सरळ विशेष विवाह कायदा 1954 खाली करा. 30 दिवसांची नोटीस, दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात किमान 30 दिवस राहिलेला पाहिजे (म्हणजे तुम्ही राहताच, त्याला महिनाभर जळगावच्या उन्हात बसवायची गरज नाही), तीन साक्षीदार, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न उरकलं नाही तर परत पहिल्यापासून. मांडव, हळद, वरणबट्टी हौसेने करा, पण फाइलला सर्टिफिकेट लागतं.

मग अमेरिकन जोडीदार यूएससीआयएसकडे (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) आय-130, म्हणजे नात्याचा अर्ज, भरतो, तुमच्या माहितीचा आय-130ए त्याला जोडतो. ऑनलाइन 625 डॉलर, कागदावर 675, हे एप्रिल 2024 पासूनचे दर आहेत, भरायच्या दिवशी परत बघा. ऑनलाइनच भरा.

आणि हा फॉर्म भरायच्या आधी, म्हणजे खरोखर आधी, पुढचं वाचा.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. मी जन्मले शहादा तालुक्यात, आजोळी, घरातच. तर माझी नोंद कुठे असणार? आजोळच्या ग्रामपंचायतीत. आणि माझे वडील तीन आठवडे आमच्याच गावातल्या ग्रामसेवकाकडे (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) चकरा मारत होते, कारण पोरगी आपली तर नोंद आपल्याच गावात असेल असं त्यांना वाटलं. आईच्या सासरच्या गावचं दप्तर चाळत बसू नका, आईला विचारा तू कुठे बाळंत झालीस. दवाखान्यात झाला असाल तर तो दवाखाना ज्या नगरपालिकेत तिथे. जुन्या लोकांच्या नोंदी कधीकधी तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुकात सापडतात, गाव नमुना 14 म्हणून मागायचं.

आजोळी नोंद सापडली, पण त्यात तीन गोष्टी निघाल्या. नावाच्या रकान्यात काहीच नव्हतं, नुसतं लिंग स्त्री. वडिलांचं आडनाव बोरसे, आणि शाळेपासून पासपोर्टपर्यंत आम्ही सगळे पाटील. हे खानदेशात घरोघरी आहे, एक भाऊ पाटील लावतो, दुसरा मूळ आडनाव, आपल्याला त्यात काही वाटतही नाही. आणि तिसरी सगळ्यात वाईट: नोंदीत जन्मतारीख 2 ऑगस्ट 1987, पासपोर्टवर 1 जून 1987.

1 जून कुठून आली हे मराठी माणसाला सांगायला नको. शाळेत नाव घालताना गुरुजींनी तारीख विचारली, आजोबा म्हणाले पावसाळ्यातली आहे, गुरुजींनी 1 जून टाकली. आमच्या वर्गात अकरा जणांचा वाढदिवस 1 जूनला होता. शाळेच्या दाखल्यावरून पासपोर्ट निघाला, पासपोर्टवरून आधार, पॅन, सगळं. आणि मी आय-130 मध्ये बिनधास्त 1 जून लिहून मोकळी झाले.

तेव्हा एका एजंटाने सांगितलं, ताई, जुनी नोंद कशाला दाखवता, मी तुम्हाला 1 जूनचंच नवीन सर्टिफिकेट काढून देतो, उशिरा नोंदणी दाखवू. हे कधीच करू नका. एक तर ते खोटं. दुसरं म्हणजे जन्मानंतर पंचवीस-तीस वर्षांनी झालेली नोंद बघितली की ऑफिसर आधीच सावध होतो, त्याला शाळेचा दाखला आणि बाकी जुने पुरावे लागतातच. आणि उद्या जुनी नोंद बाहेर आली तर एकाच माणसाचे दोन जन्म, तिथे कुठलं प्रेम तुम्हाला वाचवणार नाही.

मी एजंटाचं ऐकलं नाही, पण शहाणपणाही केला नाही. दोन तारखांचे दोन कागद तसेच लावले, म्हटलं इंटरव्ह्यूत समजावून सांगू. इंटरव्ह्यूत समजावून सांगायला तीन-चार मिनिटं मिळतात. हातात 221(जी) ची चिठ्ठी पडली, म्हणजे नकार नाही पण कागद पूर्ण करा तोवर व्हिसा नाही. माझीच चूक होती, आठ महिने गेले त्यात.

तर क्रम असा. जन्माच्या नोंदीतली तारीख हीच खरी धरा, कारण ती जन्माच्या वेळी लिहिलेली असते. नोंदीत नाव नसेल तर ते घालून घ्या, नियमात त्याला 15 वर्षांची मुदत असते पण सरकार मधेमधे ती वाढवून देतं, तेव्हा "आता नाही होणार" असं कोणी म्हणालं तर चालू परिपत्रक विचारा. मग त्या दाखल्यावर पासपोर्ट रीइश्यू करा, तारीख बदलायचं कारण स्वच्छ लिहून द्या, ते खुलासा मागतात, द्यायचा, घाबरायचं नाही. पासपोर्टनंतर आधार, पॅन. हे सगळं झाल्यावरच आय-130. शाळेचा दाखला राहिला तसाच राहू द्या, शाळा सोडल्यावर त्यात बदल करायच्या मागे लागाल तर म्हातारे व्हाल, त्याला ॲफिडेव्हिट जोडा.

ॲफिडेव्हिट म्हणजे कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडचा "सदरहू इसम माझ्या परिचयाचा असून" वाला साचा नको. जन्माच्या वेळी तिथे असलेलं वयाने मोठं माणूस पाहिजे, आणि त्याला कसं माहीत ते कागदात यायला पाहिजे. माझी मोठी मामी तारीख काही सांगू शकेना, पण म्हणाली, "कानबाईना दिन व्हयनी तू, रोट तसाच राहिना." (कानबाईच्या दिवशी झालीस तू, रोट तसाच राहिला.) कानबाई ही आमच्या खानदेशातली देवी, ती नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, 1987 चं पंचांग काढलं, तो रविवार 2 ऑगस्टच निघाला. हे जसंच्या तसं ॲफिडेव्हिटमध्ये लिहिलं आणि त्यावर एकही उलटा प्रश्न आला नाही.

नोंद सापडलीच नाही तर तोंडी "नाही" वर परत येऊ नका, नोंद आढळत नाही असा लेखी दाखला घ्या, त्यासोबत शाळेचा दाखला आणि अशी दोन ॲफिडेव्हिटं.

आडनावाचं सोपं आहे. सगळीकडे पासपोर्टचंच स्पेलिंग, आणि फॉर्ममध्ये वापरलेल्या इतर नावांचा रकाना असतो त्यात बोरसे, लग्नानंतर सासूने तांदळात लिहिलेलं नाव, सगळं टाका. लपवलेलं नाव शंकेचं, सांगितलेलं नाव नुसतं नाव. आणि हातातली फाइल संपेपर्यंत पासपोर्टवर नवऱ्याचं आडनाव चढवायची घाई करू नका, सासरच्यांना वाईट वाटलं तर वाटू द्या.

नंदुरबारकडच्यांसाठी आणखी एक, नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 ला धुळ्यातून निघाला, त्यामुळे जुन्या कागदावर धुळे आणि नव्या दाखल्यावर नंदुरबार येतं. एका ओळीत लिहून द्या, विषय संपतो. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडा, खाली भाषांतर करणाऱ्याने मला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर बरोबर आहे असं लिहून सही करायची. स्वतः करू नका, शेजारच्या इंग्रजीच्या सरांकडून घ्या.

आय-130 मंजूर झाला की फाइल एनव्हीसीकडे (नॅशनल व्हिसा सेंटर) जाते. व्हिसाच्या फीचे 325 आणि स्पॉन्सरच्या कागदाचे 120 डॉलर भरा, डीएस-260 (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) भरा, कागद स्कॅन करून चढवा. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्राचाच, 500 रुपये, पोलीस स्टेशनमधून आणलेला चालत नाही. जोडीदाराने आय-864, म्हणजे तुमचा खर्च उचलायची हमी, द्यायचा, त्यात उत्पन्न अमेरिकेतल्या गरिबी रेषेच्या किमान 125 टक्के पाहिजे, कमी पडलं तर दुसरा स्पॉन्सर जोडता येतो. जोडीदार इथेच तुमच्याजवळ राहत असेल तर तो परत अमेरिकेत राहायला जाणार आहे याचा पुरावा आत्ताच जमवा, इथे बरेच जण गाफील राहतात.

फोटो चारशे नकोत. पंधरा-वीस, वेगवेगळ्या वर्षांचे, खाली तारीख आणि जागा, आणि त्यात घरची माणसं दिसली पाहिजेत. डीजेसमोर नाचतानाचे काढून टाका, तोंडच दिसत नाही त्यात.

मेडिकल फक्त अमेरिकन वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडे, फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी चालत नाही. लसींचे जुने कागद असतील ते न्या.

इंटरव्ह्यू मुंबईत, बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुल) वकिलातीत. मोबाइल आत नेता येत नाही, तो कोणाकडे ठेवायचा ते आधी ठरवा. अमळनेर-नंदुरबारच्या लोकांना खान्देश एक्स्प्रेस थेट मुंबईला सोडते, पण ती रोज नसते, आणि काहीही असलं तरी आदल्या दिवशीच पोचा. प्रश्न साधे असतात, कुठे भेटलात, लग्नाला कोण कोण होतं, तो काय काम करतो. पाठ करून जाऊ नका, पाठ केलेलं लगेच कळतं.

व्हिसा आला की 235 डॉलरची इमिग्रंट फी ऑनलाइन भरा आणि मुदतीच्या आत जा. तिथे उतराल त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर ग्रीनकार्ड दोन वर्षांचंच मिळतं, आणि ते संपायच्या आधीच्या 90 दिवसांत दोघांनी मिळून आय-751, म्हणजे कार्डावरची ही अट काढायचा अर्ज, भरायचा असतो. आठवण करून देणारं पत्र येईल म्हणून बसू नका. मी आईकडच्या कॅलेंडरवर त्या तारखेला लाल गोल करून आले होते, नव्वद दिवस सुरू झाले त्या सकाळी आईचा फोन आला, गॅसवाल्याची तारीख आहे का गं ही?