रेडशर्ट, बाक आणि 200 मिनिटांचा हिशेब: कॉलेज बास्केटबॉलमध्ये या चुका टाळा

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचा सामना 40 मिनिटांचा आणि कोर्टवर एका वेळी पाच जण. ओव्हरटाइम सोडला तर कोचच्या हातात वाटायला 200 मिनिटं असतात. रोस्टरवर, म्हणजे संघाच्या यादीत, नावं कितीही असोत, हा आकडा हलत नाही. तरी दर ऑक्टोबरात कुठला ना कुठला कोच सांगतोच, "यंदा आमच्याकडे बारा जण तयारीचे आहेत." जानेवारी उजाडेपर्यंत त्या बारांतले चार जण नुसते टाळ्या वाजवत बसलेले असतात, दोघांच्या घरून फोन आलेले असतात आणि एकाचा वर्षभराचा हंगाम अकरा मिनिटांत खर्ची पडलेला असतो. मिनिटांच्या या वाटपात आणि रेडशर्टच्या, म्हणजे एक हंगाम न खेळता शिल्लक ठेवण्याच्या, निर्णयात त्याच त्या चुका कशा होतात, ते इथे पाहू. नियम एनसीएए (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संस्था) डिव्हिजन वनचे, म्हणजे तिच्या सर्वांत वरच्या गटाचे, 2025-26 च्या हंगामातले. पात्रतेचे नियम सध्या वारंवार बदलत आहेत. "पाच वर्षांत पाच हंगाम" द्यावेत अशीही चर्चा आहे, त्यामुळे सही करण्याआधी विद्यापीठाच्या कंप्लायन्स ऑफिसला (नियमपालन पाहणाऱ्या कार्यालयाला) विचारल्याशिवाय राहू नका.

नावं मोजता, मिनिटं मोजत नाही

चुरशीच्या सामन्यात बहुतेक संघांची वाटणी साधारण अशी पडते: पहिल्या पाचांना 34, 33, 31, 30 आणि 27. झाले 155. उरलेली 45 मिनिटं सहाव्याला 22, सातव्याला 14 आणि आठव्याला 9. संपलं. नवव्याला मिळतील ती कुणाच्या तरी वाट्यातून काढून. म्हणून हंगामाआधी कागदावर प्रत्येक नावापुढे मिनिटं लिहा आणि बेरीज करा. बऱ्याच कोचांची पहिली बेरीज 240 च्या पुढे जाते. ती जादा 40 मिनिटं म्हणजे खेळाडू भरती करताना दिलेली आश्वासनं. ती नोव्हेंबरआधी समोर बसवून मागे घ्यायची, की फेब्रुवारीत नाराजी ओढवून घ्यायची, एवढाच काय तो प्रश्न.

"केंटकी विद्यापीठाने दहा जण खेळवलेच की," असं कुणी म्हणेल. खरं आहे. 2014-15 मध्ये त्यांचे कोच जॉन कॅलिपारी यांनी पाच-पाचच्या दोन तुकड्या केल्या, कुणाचीही सरासरी 27 मिनिटांवर जाऊ दिली नाही, आणि संघ 38 सामने ओळीने जिंकला. पण ते दहाच्या दहा जण जवळपास सारख्या ताकदीचे होते. डिसेंबरात ॲलेक्स पॉयथ्रेसचा गुडघा गेला आणि तुकड्यांची घडी मोडली. राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत विस्कॉन्सिनने त्यांना 71-64 असं हरवलं. तुमचा दहावा खेळाडू पाचव्याच्या जवळपासही नसेल, तर समान वाटपाने संघ मोठा होत नाही, पातळ होतो.

दुसरी गडबड जागांची. चौदा जणांत सहा विंग (कडेने खेळणारे) आणि चेंडू वर आणणारा पॉइंट गार्ड एकच, अशी भरती सर्रास दिसते. त्या एका पॉइंट गार्डला सातव्या मिनिटाला दुसरा फाउल झाला, समोरच्याने फुल-कोर्ट प्रेस लावला, म्हणजे अख्ख्या कोर्टभर दबाव टाकला, की बाकावरच्या नऊ जणांचा काही उपयोग उरत नाही. सरावात आठवड्यातून एकदा तरी पहिल्या पॉइंट गार्डला बसवून सलग आठ मिनिटं प्रेसविरुद्ध खेळवा आणि गमावलेले चेंडू मोजा. आठ मिनिटांत चारपेक्षा जास्त गेले, तर तुमच्याकडे दुसरा पॉइंट गार्ड नाही, रोस्टरवर काही का लिहिलेलं असेना. सेंटरचंही तसंच. पाच फाउलला खेळाडू बाद होतो, त्यामुळे त्या जागेची 40 मिनिटं दोघांच्या भरवशावर असली तरी तिसरं नाव ठरलेलं हवं.

आणखी एक हिशेब नव्याने करावा लागतो. पूर्वी पुरुष संघाला 13 शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि वॉक-ऑन, म्हणजे शिष्यवृत्तीविना खेळणारे, हवे तितके ठेवता येत. जून 2025 मध्ये मंजूर झालेल्या "हाउस" खटल्याच्या तडजोडीत सामील विद्यापीठांना आता शिष्यवृत्त्यांची मर्यादा नाही, पण एकूण जागा 15. रेडशर्ट केलेला मुलगाही त्या 15 मधली एक जागा अडवतो. दोन रेडशर्ट, एक गुडघ्याचं ऑपरेशन आणि एक तापाने आजारी, की सामन्याला उरले अकरा.

विश्रांती आणि फाउल

पहिल्या हाफमध्ये दोन फाउल झाले, की खेळाडूला हाफटाइमपर्यंत बसवायचं, ही सवय आहे, नियम नव्हे. बाराव्या मिनिटापासून बसवलेल्या तुमच्या सर्वोत्तम खेळाडूने तिसरा फाउल केला नाही हे खरं, पण त्याने दुसरंही काही केलं नाही. फाउल वारंवार करणारा असेल तर बसवा. वर्षभरात मोजक्याच वेळा चार फाउलपर्यंत गेलेला असेल, तर त्याला झोन डिफेन्समध्ये (माणूस नव्हे, जागा राखायच्या बचावात) किंवा समोरच्या सर्वांत निरुपद्रवी खेळाडूवर लावून चार-पाच मिनिटं तरी खेळवा.

विश्रांती द्यायची ती टीव्हीच्या टाइमआउटला जोडून. पुरुषांच्या सामन्यात प्रत्येक हाफमध्ये घड्याळ 16, 12, 8 आणि 4 मिनिटांच्या खाली गेलं, की पुढच्या थांबलेल्या चेंडूला हा टाइमआउट येतो. 12:40 ला खेळाडू बाहेर काढला, 11:50 ला टाइमआउट झाला आणि 11:10 ला तो परत आत गेला, तर घड्याळावर त्याची दीड मिनिटंच गेली, पण बसायला चार-पाच मिनिटं मिळाली. हे न करता 10:30 ला बाहेर काढून 8:00 पर्यंत बसवणारे कोच अडीच मिनिटं वाया घालवतात. महिलांच्या सामन्यात 10 मिनिटांचे चार क्वार्टर असतात, तिथे क्वार्टरच्या शेवटाला जोडून हेच करता येतं.

रेडशर्ट: निर्णय शिट्टीआधी

नियम थोडक्यात: कॉलेजात पूर्णवेळ नाव घातल्यापासून पाच वर्षांचं घड्याळ सुरू होतं आणि त्यात चार हंगाम खेळता येतात. जो हंगाम अजिबात खेळला नाही, तो शिल्लक राहतो. त्यालाच रेडशर्ट म्हणतात.

सर्वांत महागडी चूक इथे होते. फुटबॉलमध्ये 2018 पासून चार सामने खेळूनही हंगाम वाचवता येतो, म्हणून बास्केटबॉलमध्येही तशी सवलत असेल असं पालक आणि कधी कधी खेळाडूही धरून चालतात. नाही. नियमित हंगामात एक सेकंद कोर्टवर उतरला तरी तो हंगाम मोजला जातो. 28 गुणांची आघाडी, शेवटचं दीड मिनिट, प्रेक्षक नाव घेऊन ओरडताहेत, आणि असिस्टंट कोच पहिल्या वर्षाच्या मुलाला स्कोअररच्या टेबलाकडे पाठवतो. त्या दीड मिनिटाची किंमत 22 व्या वर्षी मोजावी लागते. उपाय साधा आहे: रेडशर्ट मुलांना सामन्याच्या कपड्यांतच बसवू नका. ट्रॅकसूट घातलेल्या मुलाला भावनेच्या भरात कुणी आत पाठवू शकत नाही. प्रदर्शनी सामन्यात उतरवण्याआधीही कंप्लायन्सला विचारा.

मग रेडशर्ट कुणाला करायचं? मिनिटांचा तो कागद पुन्हा काढा. कॉन्फरन्सच्या, म्हणजे आपल्या गटातल्या विद्यापीठांविरुद्धच्या, सामन्यांत त्याला 7-8 मिनिटं खरोखर मिळणार असतील तर खेळवा. विस्कॉन्सिनच्या फ्रँक कमिन्स्कीला 2011-12 मध्ये पहिल्या वर्षी सामन्याला आठेक मिनिटंच मिळत होती. रेडशर्ट न होता तो चौथ्या वर्षी, 2015 मध्ये, देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला. त्या थोडक्या मिनिटांचं चीज झालं. पण अख्ख्या हंगामात मिळून शंभराच्या आत मिनिटं दिसत असतील, ती सगळी निकाल लागून गेल्यावरची असतील, आणि मुलाचं अंग अजून भरायचं असेल, तर त्याला थांबवणं शहाणपणाचं. त्याच्या पुढच्या दोघांपैकी एक जखमी झाला तर काय, हेही आधीच ठरवा. जानेवारीत घाईघाईने रेडशर्ट मोडून उरलेल्या बारा सामन्यांत सामन्याला सहा मिनिटं देण्यात मुलाचंही भलं नाही आणि संघाचंही.

थांबण्याचं फळ कसं मिळतं ते पाहायचं तर 2018 चा व्हिलानोव्हा विद्यापीठाचा संघ घ्या. मिशिगनला 79-62 असं हरवून राष्ट्रीय विजेता ठरलेल्या त्या संघाच्या पहिल्या सहा जणांपैकी पाच जणांनी कॉलेजात एकेक वर्ष बाहेर काढलेलं होतं, आणि कारणं वेगवेगळी. मिकल ब्रिजेसने 2014-15 मध्ये ठरवून रेडशर्ट घेतला. डॉन्टे डिव्हिन्सेन्झो पायाच्या हाडामुळे आणि फिल बूथ गुडघ्यामुळे बसला. ओमारी स्पेलमन शाळेतल्या अभ्यासक्रमाच्या नियमात अडकला. एरिक पास्कल फोर्डहॅमहून आल्यामुळे तेव्हाच्या बदलीच्या नियमानुसार थांबला. उरला फक्त जेलन ब्रन्सन. अंतिम सामन्यात बाकावरून येऊन 31 गुण करणारा डिव्हिन्सेन्झोच होता.

पण आज तोच आराखडा जसाच्या तसा उचलला तर फसाल. एप्रिल 2024 पासून अभ्यासात पात्र असलेला खेळाडू बदली करून लगेच खेळू शकतो, कितव्यांदा का बदली करेना. तुम्ही वर्षभर जेवू-खाऊ घालून, वजन वाढवून तयार केलेला मुलगा वसंतात पोर्टलमधून (बदलीसाठीच्या नोंदणी यादीतून) दुसरीकडे जाऊ शकतो. म्हणून रेडशर्ट फक्त कोचच्या मनात ठेवू नका. ऑक्टोबरच्या शेवटी खेळाडू, पालक आणि कोच एकत्र बसा आणि चार गोष्टी लेखी ठेवा: यंदा खेळायचं नाही हे ठरलं आहे का, कुठल्या परिस्थितीत ते मोडायचं, पुढच्या वर्षी कुठली जागा मोकळी होते, आणि पाचव्या वर्षाचे पैसे कोण देणार. शेवटच्या मुद्द्यावर बहुतेक घरं गप्प बसतात. चार वर्षांत पदवी पूर्ण होत असेल, तर पाचव्या वर्षी मास्टर्सला प्रवेश लागेल, तेव्हा क्रेडिटची आखणीही पहिल्याच वर्षी करावी लागते.

दुखापतीचं वर्ष: कागद कमी पडतात

दुखापतीमुळे हंगाम परत मिळवण्याचा अर्ज विद्यापीठ कॉन्फरन्सकडे करतं. अटी तीन: दुखापत हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात झालेली हवी, उरलेला हंगाम खेळणं अशक्य झालेलं हवं, आणि तोवर 30% पेक्षा जास्त सामने खेळलेले नकोत. 31 सामन्यांचे 30% होतात 9.3. अपूर्णांक वर धरतात, म्हणून 10. कॉन्फरन्सची स्पर्धा कितीही फेऱ्यांची असली तरी या हिशेबात एकच सामना.

प्रकरण बिघडतं ते बहुधा असं. नवव्या सामन्यात घोटा मुरगळतो. महिनाभर विश्रांती. अठराव्या सामन्यात "बघू या कसं वाटतं" म्हणून चार मिनिटं. पुन्हा दुखतं, मग हंगाम संपतो. त्या चार मिनिटांनी अर्ज बाद झाला, कारण हंगामाच्या दुसऱ्या अर्ध्यात खेळाडू उतरला. शंका असेल तर आधी एमआरआय आणि डॉक्टरांचं मत, मग कोर्ट. आणि कागद त्या वेळचेच हवेत: तपासणीची तारीख, निदान, "उरलेला हंगाम खेळू नये" असं स्पष्ट वाक्य. मे महिन्यात मागवलेल्या पत्राला वजन कमी असतं.

हंगाम परत मिळाला तरी पाच वर्षांचं घड्याळ थांबत नाही, हेही विसरतात. पहिल्या वर्षी ठरवून रेडशर्ट घेतला आणि तिसऱ्या वर्षी गुडघा गेला, तर सहाव्या वर्षासाठी वेगळा अर्ज लागतो आणि तो मंजूर होईल हे धरून चालता येत नाही. शाळेतच दोनदा मोठी दुखापत झालेल्या मुलाने म्हणून पहिल्या वर्षी उगाच रेडशर्ट घेऊ नये, असं आमचं मत.

रेडशर्टचं वर्ष वाया कसं जातं

रेडशर्ट मुलगा सराव पूर्ण करू शकतो. हंगामात आठवड्याला 20 तास आणि दिवसाला 4 तास ही मर्यादा त्यालाही लागू. पण त्याला स्काउट टीममध्ये टाकतात, म्हणजे येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या चाली तो सोंग घेतल्यासारखा खेळतो. मार्चपर्यंत त्याला कॉन्फरन्समधल्या प्रत्येक संघाच्या चाली पाठ होतात, फक्त आपल्या संघात स्क्रीनवर, म्हणजे समोरच्याने वाट अडवली की, राखायचा खेळाडू कधी बदलायचा ते ठाऊक नसतं. रोजच्या सरावातली पंधरा-वीस मिनिटं त्याला आपल्याच दुसऱ्या पाचांत खेळवा. सामन्याच्या दिवशी बाकीचे तीस मिनिटं धावतात, तो बसून असतो, म्हणून त्या सकाळी त्याचं वजनं उचलणं आणि धावणं ठेवा. आणि लक्ष्य आकड्यांत लिहा: किती किलो, कुठल्या जागेवरून किती टक्के नेम, डाव्या हाताने किती. "मेहनत कर" हे लक्ष्य नव्हे.

भारतातून जाणाऱ्यांसाठी

पुणे, मुंबई किंवा नागपूरहून अमेरिकेत खेळायला जाण्याचा विचार असेल, तर घड्याळ तिकडे पोचल्यावर सुरू होत नाही. जगातल्या कुठल्याही महाविद्यालयात पूर्णवेळ पदवीला नाव घातलं, की पाच वर्षं मोजायला सुरुवात होते. अकरावी-बारावी ज्युनियर कॉलेजात केली तरी ती शाळेत धरतात. पण "एफवायला नाव घालून ठेवू, बघू पुढे काय होतं" हे घरोघरी चालणारं धोरण इथे एक वर्ष खाऊन टाकतं. बारावीची ठरलेली वेळ उलटल्यावर बास्केटबॉलला एक वर्षाची सूट आहे. त्यानंतर प्रवेश न घेता स्पर्धा खेळत राहिलं, तर त्या प्रत्येक वर्षामागे एक हंगाम कापला जाऊ शकतो. म्हणून बारावीची परीक्षा देण्याआधीच एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरवर नोंदणी करा, आणि दहावीपासूनच्या गुणपत्रिका व खेळलेल्या प्रत्येक स्पर्धेची तारीख एका फाइलमध्ये ठेवा.