उभं राहून सुजलेल्या पायांसाठी मऊ ब्रश

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी आईच्या पायांवर चपलेच्या पट्ट्याचे वळ उमटतात. तान्ह्या बाळाच्या केसांच्या मऊ ब्रशने तिला बराच आराम पडतो.

१. पाय उशीवर ठेवून आडवं व्हा, पोटातून ५-६ खोल श्वास घ्या.
२. आधी जांघेत तळहात हलकेच गोल फिरवा. हे चुकवू नका, पायात साचलेलं पाणी वर जायची वाट आधी मोकळी व्हायला हवी.
३. मग ब्रश गुडघ्याकडून जांघेकडे, नंतर घोट्याकडून गुडघ्याकडे. कायम वरच्या दिशेनेच.

हे साचलेलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, म्हणजे लसिकावाहिन्या, कातडीच्या लगेच खाली असतात, म्हणून जोर नको. कातडी लाल झाली तर दाब जास्त झाला.

एकाच पायाला अचानक सूज आली, तो दुखतोय, गरम लागतोय, तर अजिबात चोळू नका. रक्ताची गुठळी असू शकते, लगेच डॉक्टरकडे जा.