इंग्लंडातली ‘पुट’पुट: नव्याने आलेल्यांसाठी

इंग्लंडात नव्याने आलेली आपली मंडळी महिन्याभरात एक तक्रार हमखास करतात: “काकू, मीटिंगमधलं सगळं कळतं हो, पण हे लोक आपसात बोलायला लागले की डोक्यावरून जातं.” शिक्षण इंग्रजीतून झालेलं असतं, आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत बँडही चांगले मिळालेले असतात. तरी शेजारीण कुंपणापलीकडून काहीतरी बोलून जाते आणि आपण नुसतं हसून मान हलवतो. मग सगळं खापर ॲक्सेंटवर फुटतं. ॲक्सेंट थोड्या दिवसांत कानात बसतो. अडचण शब्दांची असते, आणि तीही अवघड शब्दांची नाही, पहिलीच्या पुस्तकातल्या शब्दांची. गेट, टर्न, रन, टेक ही सगळी त्यातलीच, पण माझ्या मते घरगुती बोलण्यात सगळ्यात उपद्व्यापी ‘पुट’. एवढा एक सांभाळलात तर बाकीच्यांची सवय आपोआप होते.

शाळेत आपण शिकलो पोस्टपोन, टॉलरेट, एक्स्टिंग्विश. ही सगळी लॅटिनच्या घराण्यातली. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर कित्येक पिढ्या दरबाराची भाषा फ्रेंच राहिली आणि विद्वानांची लॅटिन. चुलीपाशी मात्र इंग्रजीच चालू होती. त्यामुळे आजही इथे एका अर्थाला दोन शब्द सापडतात, एक कागदावरचा आणि एक तोंडातला. पोस्टपोन फोडून पाहिलं तर त्यात लॅटिनचं ‘नंतर’ आणि ‘ठेवणे’ एवढंच आहे. इथला माणूस तेच देशी पद्धतीने ‘पुट ऑफ’ म्हणतो. टॉलरेटला ‘पुट अप विथ’, एक्स्टिंग्विशला ‘पुट आउट’. आपण कागदावरची इंग्रजी घेऊन विमानात बसतो आणि उतरतो ते थेट स्वयंपाकघरात.

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात १९८९ च्या आवृत्तीपर्यंत सगळ्यात लांब नोंद ‘सेट’ची होती. पुढे ‘पुट’ने तिला मागे टाकलं आणि मग ‘रन’ने ‘पुट’ला. हे पाहून हात टेकायचं कारण नाही. “मला गाडी लागते” आणि “गाडी फलाटाला लागली” यातला फरक एखाद्या इंग्रज माणसाला समजावून बघा. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, डोळा लागतो. आपण यातच वाढलो, म्हणून आपल्याला त्याचं काही वाटत नाही, एवढंच.

आता पहिल्या आठवड्यात कानावर पडणारं. सकाळी आठच्या ठोक्याला तुम्ही जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, सर्जरीत फोन लावता. सर्जरी म्हणजे इथे डॉक्टरांचा साधा दवाखाना, घाबरू नका. पलीकडची बाई म्हणते, “आय’ल जस्ट पुट यू ऑन होल्ड,” म्हणजे थांबा. थोड्या वेळाने म्हणते, “पुटिंग यू थ्रू नाऊ,” म्हणजे फोन पुढे जोडून देते आहे. इथे कित्येक जण “थँक यू, बाय” म्हणून फोन ठेवून देतात आणि पुन्हा रांगेत शेवटी जाऊन उभे राहतात. ठेवायचा नाही. “आय’ल पुट यू डाउन फॉर थर्सडे” म्हटलं तर गुरुवारी तुमचं नाव लिहून घेतलं.

‘पुट युअर नेम डाउन’ पाळणाघराच्या प्रतीक्षायादीसाठीही म्हणतात. मात्र सरकारी शाळेबाबत कोणी असं बोललं तर नुसतं शाळेत जाऊन नाव सांगून भागत नाही. इंग्लंडात पहिल्यांदा शाळेत जाणाऱ्या मुलासाठी कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या पालिकेकडे, रीतसर अर्ज करावा लागतो. सप्टेंबरात प्रवेश हवा असेल तर त्याच वर्षीच्या १५ जानेवारीपर्यंत, आणि माध्यमिक शाळेसाठी आदल्या ३१ ऑक्टोबरपर्यंत. तारीख चुकली तर हवी ती शाळा मिळणं कठीण होऊन बसतं.

खरी गंमत घरात आहे. सांगलीहून आलेला एक मुलगा काही दिवस शेअर्ड घरात राहत होता. बाजारहाट करून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आला, तर घरमालकीण म्हणाली, “जस्ट पुट इट ऑन द साइड, लव्ह.” याने पिशव्या दाराशेजारी भिंतीला टेकवून ठेवल्या. बाई बघतच राहिली. ‘द साइड’ म्हणजे इथे किचनचा ओटा. कुठल्या बाजूला, हा प्रश्नच नाही. कप ऑन द साइड, किल्ल्या ऑन द साइड, पोस्टमनने दिलेलं पार्सल ऑन द साइड. आणि ‘लव्ह’ला काही अर्थ नाही, ते आपल्या ‘बाळा’सारखं आहे. याचाही खुलासा मला त्याच संध्याकाळी करावा लागला.

‘पुट द केटल ऑन’ मात्र तुम्हाला पाठ करावं लागणार नाही, कारण आपणही “चहा टाक गं” असंच म्हणतो. घरात सुतार-प्लंबर आला, शेजारी रडत आला, वीज जाऊन परत आली, प्रत्येक वेळी केटल ऑन होते. उत्तरेकडे, लीड्स-मँचेस्टरच्या बाजूला राहायला गेलात तर एक लक्षात ठेवा. तिकडे कोणी “आय’ल पुट द टी ऑन” म्हटलं तर तो चहा नसेलही, कारण अनेक घरांत ‘टी’ म्हणजे संध्याकाळचं जेवण. साडेपाचला ‘टी’ला बोलावलं तर घरून पोटभर खाऊन जाऊ नका. बाकी ‘ऑन’ची यादी सोपी आहे: हीटिंग ऑन, वॉश ऑन म्हणजे मशीनला कपडे लावणे, ‘बिग लाइट’ ऑन म्हणजे छताचा मोठा दिवा. हा मोठा दिवा लावायला इथल्या लोकांना का आवडत नाही, हे मला अजून उमगलेलं नाही.

‘आउट’पाशी जरा थांबा. बिन्स आउट म्हणजे कचऱ्याचे डबे आदल्या रात्री रस्त्याच्या कडेला. कुठल्या रंगाच्या डब्यात काय टाकायचं ते प्रत्येक कौन्सिलचं वेगळं असतं, तेव्हा शेजारच्या दारात कुठला डबा आलाय ते बघून तोच काढणं सगळ्यात बरं. तुम्ही सुट्टीला जाताना शेजारी “शल आय पुट युअर बिन्स आउट?” म्हणाला तर समजा की त्याने तुम्हाला आपलं मानलं. आग पुट आउट होते, म्हणजे विझते. “आय’व्ह पुट माय बॅक आउट” म्हणजे पाठीत उसण भरली. नर्सिंगला किंवा केअर होममध्ये आलेल्या मुलींना हे रोज ऐकावं लागेल. “आय डोन्ट वॉन्ट टू पुट यू आउट” म्हणजे तुम्हाला उगाच त्रास नको. आणि “शी वॉज अ बिट पुट आउट” याचा अर्थ बाई रुसली. त्यातला ‘अ बिट’ शब्दशः घेऊ नका. इंग्रज माणूस ‘अ बिट’ म्हणतो तेव्हा बहुधा भरपूर असतं.

वेळेच्या बाबतीत तर एकच शब्दजोडी दोन उलट दिशांना जाते. “द मीटिंग्ज बीन पुट बॅक ॲन अवर” म्हणजे दोनची मीटिंग तीनला. आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोनला ‘पुट द क्लॉक्स बॅक ॲन अवर’ करायचं, तेव्हा दोनचा एक होतो! मार्चच्या शेवटच्या रविवारी रात्री एकला घड्याळं पुढे जातात. हा उद्योग १९१६ पासून चालू आहे. फोनचं घड्याळ आपोआप बदलतं, ओव्हनचं आणि भिंतीवरचं तुम्ही बदलायचं. भारताशी अंतर हिवाळ्यात साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार, हे सासू-सासऱ्यांना एकदा नीट सांगून ठेवा, नाहीतर रविवारच्या ठरलेल्या फोनवरून वर्षातून दोनदा गैरसमज होतात. मीटिंग अलीकडे आणायची असेल तर ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणा. आपलं लाडकं ‘प्रीपोन’ इथे बऱ्याच जणांना कळत नाही.

पैशांचं थोडक्यात सांगते. ‘पुट डाउन अ डिपॉझिट’ म्हणजे अनामत भरणे. इंग्लंडात घर राखून ठेवायला एका आठवड्याच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. मुख्य अनामतही वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल तर पाच आठवड्यांच्या भाड्यापर्यंतच घेता येते. ती ३० दिवसांच्या आत मान्यताप्राप्त योजनेत जमा किंवा संरक्षित करणं मालकावर बंधनकारक आहे. त्याचा कागद मागून घ्या, संकोच करू नका. ‘पुट अप’ला दोन बाजू आहेत: मालक भाडं ‘पुट अप’ करतो म्हणजे वाढवतो, तुम्ही भिंतीवर फळी ‘पुट अप’ करता म्हणजे लावता, आणि फळीसाठी आधी मालकाची परवानगी लागते. पुढे कधी घर विकत घ्यायला निघालात तर ‘पुट इन ॲन ऑफर’ कराल. ऑफर मान्य झाली म्हणून पेढे वाटू नका. इंग्लंड आणि वेल्समध्ये कॉन्ट्रॅक्ट्सची अदलाबदल होईपर्यंत कोणीही मागे फिरू शकतं.

‘डाउन’ जपून. सोमवारी ऑफिसात कोणी लाल डोळ्यांनी येऊन म्हणालं, “वी हॅड टू पुट हिम डाउन,” तर “कुठे ठेवलं?” असं विचारू नका. घरातल्या म्हाताऱ्या कुत्र्याला किंवा मांजराला पशुवैद्याकडून इंजेक्शन देऊन शांतपणे संपवलं, असा त्याचा अर्थ. ‘पुट टू स्लीप’चाही प्राण्यांच्या बाबतीत हाच. “आय’म सो सॉरी” म्हणा आणि कुत्र्याचं नाव विचारा, त्यांना बरं वाटतं. याउलट “आय’व्ह जस्ट पुट द बेबी डाउन” म्हणजे बाळ आत्ताच झोपलंय, बेल वाजवू नका.

हे सगळं पाठ करायला बसू नका. कानाला एक वळण लावा. आपण ‘पुट’ ऐकून थांबतो आणि पुढचा छोटा शब्द सोडून देतो. इंग्रज मात्र जोर बहुतेक वेळा त्या छोट्यावरच देतो: पुट इट *ऑन*, पुट इट *ऑफ*, पुट इट *बॅक*. खरं म्हणजे हे आपल्याला जमायला हवं, कारण मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि वाक्य संपेपर्यंत थांबायची आपल्याला जन्मापासून सवय आहे. इथेही तेच करा, शेवटच्या शब्दापर्यंत थांबा. बोलताना फक्त एक पथ्य पाळा. ‘इट’, ‘देम’ असलं सर्वनाम असेल तर ते मध्ये बसतं: ‘पुट इट ऑफ’ म्हणतात, ‘पुट ऑफ इट’ कधीच नाही. ‘पुट अप विथ इट’मध्ये मात्र मध्ये काही शिरत नाही.

ऑफिसात ‘लेट्स पुट धिस टू बेड बाय फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारपर्यंत हे काम निकालात काढू. ‘कॅन आय पुट यू डाउन ॲज अ रेफरन्स?’ असं विचारूनच आपल्या अर्जात दुसऱ्याचं नाव द्यायचं, न विचारता दिलेलं इथे चालत नाही. आणि साहेब “हाउ शल आय पुट धिस…” अशी सुरुवात करून थांबला तर सावरून बसा, पुढे येणारी बातमी गोड नसते.

वापरायला मात्र घाई नको. ‘पुट इट ऑफ’, ‘पुट अप विथ’, ‘पुट द केटल ऑन’ एवढ्यांवर सुरुवातीचे काही महिने आरामात निघतात. मुलं शाळेतून ‘पुट अ सॉक इन इट’ घरी आणतील, म्हणजे तोंड बंद कर. ते आपसात ठीक, शिक्षिकेला ऐकू गेलं तर चिठ्ठी येते. ‘पुट युअर फुट इन इट’ म्हणजे नको ते बोलून बसणे. ‘पुट युअर फुट डाउन’ म्हणजे घरात ठाम नकार देणे. भारतीय लायसन्सवर ग्रेट ब्रिटनमध्ये राहायला आल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते, त्यापुढे इथली परीक्षा द्यावी लागते. तेव्हा क्लासमधला शिकवणारा मोटरवेला लागताना “पुट युअर फुट डाउन” म्हणेल. तिथे ब्रेक नाही, ॲक्सिलरेटर दाबायचा.