गिझरला टायमर लावताना या चुका टाळा

स्मार्ट मीटर बसू लागल्यापासून पुण्यात गिझरला टायमर जोडून देण्याची मागणी वाढली आहे, आणि त्याबरोबर दुसऱ्या कोणी जोडलेला टायमर निस्तरण्यासाठी येणारे फोनही वाढले आहेत. वीज नेमकी कोणत्या वेळी स्वस्त असते, हे टायमर विकत घेण्याआधी बहुतेकांनी पाहिलेलेच नसते.

रात्रीची वीज स्वस्त, हा समज हटता हटत नाही. ब्रिटनमध्ये १९७८ पासून ‘इकॉनॉमी सेव्हन’ हा दर आहे. त्यात रात्रीचे सात तास वीज स्वस्त मिळते आणि तिथले उष्णता साठवणारे विटांचे हीटर त्या वेळात तापवून ठेवले जातात. आपल्याकडे कारखान्यांनाही अनेक वर्षे रात्रीची सवलत मिळत होती. घरगुती ग्राहकाचे गणित मात्र उलटे आहे, कारण आता सौर विजेमुळे भरपूर वीज दिवसा उपलब्ध असते. महावितरणच्या घरगुती ग्राहकांसाठी १ जुलै २०२५ पासून जाहीर झालेली प्रतियुनिट ८० पैसे ते १ रुपया ही सवलत सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरासाठी आहे, आणि तीही स्मार्ट टीओडी, म्हणजे वेळेनुसार वापर मोजणारा, मीटर असेल तरच. दर बदलत असतात, म्हणून टायमरची वेळ लावताना मी ग्राहकाकडे आधी ताजे बिल मागतो. पहाटे तीनला गिझर तापवणाऱ्याला झोपमोडीखेरीज काही मिळत नाही.

या बचतीचे मोलही आधीच पाहून घ्यावे. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवण्यासाठी साधारण १.२ युनिट लागते, म्हणजे रोज टाकीभर पाणी वापरले तरी महिन्याला तीस-पस्तीस रुपये वाचतात. दुपारी चारला तापवलेले पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला वापरायचे असेल, तर मधले चौदा तास टाकी निवत राहते आणि त्या रकमेतलाही काही भाग जातो. संध्याकाळी आंघोळ करणाऱ्या घराला हा खटाटोप खरा परवडतो.

आणि एवढ्या रकमेसाठी लोक वायरिंगमध्ये काटकसर करतात. गेल्या हिवाळ्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका घरातून काकूंचा फोन आला, “अहो, टायमर बंद दाखवतोय, पण गिझरचा दिवा काही जात नाही.” गिझर तीन किलोवॅटचा होता, म्हणजे तेरा अँपिअर ओढणारा. भाच्याने आणलेल्या टायमर प्लगच्या वेष्टनावर सोळा अँपिअर छापले होते, पण उघडून पाहिले तर आतल्या रिलेवर, म्हणजे वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचवर, दहा लिहिलेले होते. रोजच्या चालू-बंदने त्या रिलेचे संपर्क एकमेकांना चिकटून बसले होते. प्लगची एक पिन तपकिरी पडली होती आणि सॉकेटचे प्लास्टिक वितळून तिच्याभोवती असे गोठले होते की, मेन बंद करून तो प्लग मला पकडीने ओढून काढावा लागला. त्या दिवसापर्यंत पाणी तापले की वीज तोडणाऱ्या फक्त थर्मोस्टॅटने ते घर सांभाळले होते. “दहा मिनिटांचे काम होते,” असे भाचा म्हणाला. दहा मिनिटांत उरकले होते, हे मलाही दिसत होते.

गिझरचा भार टायमरमधून मी कधीच नेत नाही. टायमरने फक्त काँटॅक्टरची, म्हणजे मोठा भार पेलणाऱ्या विजेवर चालणाऱ्या स्विचची, कॉइल चालवावी आणि गिझरचा प्रवाह पंचवीस अँपिअरच्या दोन पोल काँटॅक्टरमधून जावा, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात. हा काँटॅक्टर मी बाथरूमबाहेरच्या डीबीतच (एमसीबींच्या पेटीतच) बसवतो. पुण्यात विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत तो सहज मिळतो. मात्र वेष्टनावरचा आकडा न पाहता काँटॅक्टरवर एसी-१ (हीटरसारख्या भारासाठीची खूण) या खुणेपुढे छापलेला आकडा वाचावा. दुसऱ्या दिवशी मेन बंद करून मी सगळे स्क्रू पुन्हा आवळतो, कारण अनेक तारांची तांब्याची वायर दाबाखाली बसते आणि जोड ढिला होतो. एवढी एक फेरी घालायला घाईतल्या नवशिक्यांना वेळ नसतो.

जुन्या दीड एमएम वायरवर गिझर चालवू नये. किमान अडीच एमएमची आणि लांब अंतर असल्यास चारची स्वतंत्र लाइन ओढावी. जादा प्रवाहाला वीज तोडणारी एमसीबी वारंवार पडते म्हणून तिच्या जागी बत्तीस अँपिअरची बसवणे म्हणजे वायरलाच फ्यूज करणे आहे. बॅटरी नसलेला पिनांचा टायमर वीज गेली की थांबतो, त्यामुळे गुरुवारी दुरुस्तीसाठी तीन तास वीज बंद राहिली तर तो तीन तास मागे पडतो. नव्या गिझरच्या गरम नळाला पाणी आल्याशिवाय बटण दाबू नये.

विजेची गळती झाली की वीज तोडणारी तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी पडत असेल, तर ओलावा शोधावा किंवा पाणी तापवणारे एलिमेंट तपासावे. अर्थची वायर काढल्यावर ट्रिपिंग थांबले, असे अभिमानाने सांगणाऱ्याच्या घरी मी आधी बाथरूमच्या नळाला टेस्टर लावतो.