बूट होताना डिस्कचा पासवर्ड घेत नाहीये? आधी कीबोर्ड बघा
लिनक्सच्या एन्क्रिप्ट केलेल्या, म्हणजे कुलूपबंद केलेल्या, डिस्कचा पासवर्ड बूट होताना तीनदा टाकला, तिन्ही वेळा चुकीचा आला की हातपाय गार पडतात, मला माहितीये, पण लगेच फॉरमॅट मारायला धावू नका. बऱ्याचदा पासवर्ड बरोबरच असतो, कीबोर्ड भलतंच टाइप करत असतो.

कसंय, पासवर्ड विचारतात तेव्हा तुमचं खरं लिनक्स सुरूच झालेलं नसतं. आधी इनिटरॅमएफएस नावाची छोटी सिस्टीम चढते, ती डिस्क उघडते, आणि डेस्कटॉपवर तुम्ही कीबोर्डचा कुठला लेआउट (कुठल्या बटणाला कुठलं अक्षर) लावलाय हे तिला माहीत असेलच असं नाही. माझ्या भावाने जर्मनीहून आणलेल्या लॅपटॉपवर हेच झालं, तिथल्या कीबोर्डवर वाय आणि झेडची अदलाबदल असते, ॲट द रेट ऑल्ट-जीआर आणि क्यू दाबून येतं, आणि त्याच्या पासवर्डात वाय पण होता आणि ॲट द रेट पण. बूटच्या वेळी मात्र अमेरिकन लेआउट चालू होता. मग अमेरिकन कीबोर्ड समजून टाकला, वायसाठी झेड छापलेलं बटण, ॲट द रेटसाठी शिफ्ट आणि 2, लगेच उघडली! आत गेल्यावर डेबियन-उबंटूत कीबोर्डची सेटिंग दुरुस्त करा आणि टर्मिनलमध्ये अपडेट-इनिटरॅमएफएस ही कमांड चालवाच, म्हणजे ती सेटिंग त्या छोट्या सिस्टीमपर्यंत पोचते, नाहीतर पुढच्या बूटला परत तेच.

पासवर्डची पाटीच दिसत नसेल, नुसता लोगो, तर एस्केप दाबून बघा. नाही जमलं तर ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या, मेनूत ई दाबायचं, लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीतून क्वाएट आणि स्प्लॅश हे शब्द काढायचे, एफ10 दाबायचं, बदल तेवढ्या बूटपुरताच राहतो. काळ्या स्क्रीनवर टाइप करताना एकही अक्षर दिसत नाही, तारे पण नाही, ते नॉर्मल आहे, टाइप करून एंटर मारा.

ब्लूटूथ कीबोर्ड इथे सहसा चालत नाही, वायरवाला लावा.

तरीही अडलं तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणारा पेनड्राइव्ह) बूट करा, आधी टेक्स्ट एडिटरमध्ये पासवर्ड टाइप करून डोळ्यांनी बघा, मग फाइल मॅनेजरमधून डिस्क उघडा. तिथे उघडली तर डेटा सुखरूप आहे, घोळ बूटचाच, पण आधी बॅकअप घ्या.

आणि उघडली की लगेच दोन कामं करा प्लीज. दुसरा पासवर्ड जोडून ठेवा, लक्स 2 मध्ये (लक्स म्हणजे लिनक्सची डिस्क एन्क्रिप्ट करायची पद्धत) पासवर्डसाठी 32 पर्यंत जागा असतात, आणि या नव्या पासवर्डात वाय, झेड, चिन्हं काही नको. दुसरं म्हणजे लक्स हेडरचा, म्हणजे डिस्कच्या सुरुवातीला किल्लीची माहिती असते त्या भागाचा, बॅकअप, साधारण 16 एमबीची फाइल असते, ती वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा, कारण हेडर गेला तर बरोबर पासवर्ड असूनही डिस्क उघडत नाही.