शेजारी रेणूंमधील क्षीण आकर्षणाची ऊर्जा कशी काढावी

विद्युतभार नसलेले, कायमचा द्विध्रुवही (म्हणजे एका बाजूला धन आणि दुसऱ्या बाजूला ऋण भार अशी विभागणी) नसलेले दोन अणू जवळ आले तरी त्यांच्यात थोडे आकर्षण असतेच. इलेक्ट्रॉनांच्या सततच्या हालचालीमुळे एका अणूत क्षणभर द्विध्रुव निर्माण होतो आणि तो शेजारच्या अणूतही द्विध्रुव उत्पन्न करतो. योहानेस व्हॅन डर वाल्स यांनी १८७३ च्या प्रबंधात या आकर्षणाला वायूंच्या समीकरणात स्थान दिले आणि फ्रिट्झ लंडन यांनी १९३० मध्ये त्याचे पुंजयांत्रिकीच्या आधारे स्पष्टीकरण केले. नागपुरात भौतिक रसायनशास्त्र शिकणारे विद्यार्थी ही सूत्रे परीक्षेपुरती पाठ करतात, परंतु प्रत्यक्ष आकडा काढताना एककांत आणि जोड्यांच्या मोजणीत अडकतात. म्हणून येथे अर्गॉनचे उदाहरण सविस्तर सोडवले आहे.

नेहमीच्या कामाला लेनार्ड-जोन्स सूत्र पुरते. त्यासाठी दोनच राशी लागतात: ज्या अंतरावर ऊर्जा शून्य होते ते अंतर, म्हणजे सिग्मा, आणि आकर्षणाची कमाल खोली, म्हणजे एप्सिलॉन. सिग्माला दोन अणूंमधील अंतराने भागावे, त्या भागाकाराच्या बाराव्या घातातून सहावा घात वजा करावा आणि उत्तराला एप्सिलॉनच्या चौपटीने गुणावे. बारावा घात प्रतिकर्षण दाखवतो, सहावा घात आकर्षण.

अर्गॉनसाठी सिग्मा साधारण ३.४ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) आहे. तक्त्यांत एप्सिलॉन बहुधा १२० केल्विन असा, बोल्ट्झमन स्थिरांकाने भागून दिलेला असतो, त्याला वायुस्थिरांकाने, म्हणजे ८.३१४ ने, गुणून हजाराने भागले की ०.९९८ किलोज्यूल प्रति मोल मिळतात. हे रूपांतर सर्वप्रथम उरकून घ्यावे. आता अंतर ४ अँगस्ट्रॉम धरले तर भागाकार ०.८५ येतो, त्याचा सहावा घात ०.३७७ आणि बारावा ०.१४२, वजाबाकी उणे ०.२३५, आणि ऊर्जा उणे ०.९४ किलोज्यूल प्रति मोल. हेच अंतर ३ अँगस्ट्रॉम केल्यास ऊर्जा अधिक ९.५ होते, आणि ८ अँगस्ट्रॉम केल्यास उणे ०.०२३ इतकीच उरते. स्प्रेडशीटमध्ये अंतराचा स्तंभ घेऊन ही वक्ररेषा एकदा स्वतः काढावी. तिचा तळ सिग्माच्या १.१२२ पटीवर, म्हणजे ३.८२ अँगस्ट्रॉमवर, आला नाही तर गणितात कुठेतरी चूक आहे असे खुशाल समजावे.

लंडन यांच्या सूत्रानेही आकडा काढता येतो, पण तेथे एक फसवी जागा आहे. ध्रुवणक्षमतेचा (अणूतील इलेक्ट्रॉन किती सहज सरकतात याच्या मापाचा) वर्ग, आयनीभवन ऊर्जा (अणूतून एक इलेक्ट्रॉन काढण्यास लागणारी ऊर्जा) आणि तीन-चतुर्थांश यांचा गुणाकार करून त्याला अंतराच्या सहाव्या घाताने भागायचे असते. अर्गॉनची ध्रुवणक्षमता १.६४ घन अँगस्ट्रॉम आणि आयनीभवन ऊर्जा १५.७६ इलेक्ट्रॉन व्होल्ट घेतल्यास ३.८२ अँगस्ट्रॉमवर उणे ०.९९ किलोज्यूल प्रति मोल येतात. हा आकडा एप्सिलॉनशी जवळजवळ तंतोतंत जुळतो, म्हणून दोन्ही पद्धतींनी एकमेकींना दुजोरा दिला असे मानण्याचा मोह होतो. तसे मानू नये. लंडन यांचे सूत्र केवळ आकर्षण मोजते, तर लेनार्ड-जोन्स वक्ररेषेच्या तळाशी आकर्षणाचा हिस्सा एप्सिलॉनच्या दुप्पट असतो आणि त्यातील निम्मा प्रतिकर्षणाने खोडला जातो. म्हणजे हे साम्य योगायोगाचे आहे.

मिळालेली ऊर्जा नेहमी तापमानाशी ताडून पाहावी. नागपूरच्या मे महिन्यातील ४५ अंश सेल्सिअसला वायुस्थिरांक आणि तापमान यांचा गुणाकार २.६५ किलोज्यूल प्रति मोल येतो. त्यापुढे एका जोडीचे एक किलोज्यूल टिकत नाही, म्हणून हवेतील अर्गॉन वायूच राहतो. घन अर्गॉनमध्ये मात्र प्रत्येक अणूला बारा निकटचे शेजारी असतात. येथे बाराने गुणणे चूक ठरते, कारण प्रत्येक जोडी दोन अणूंच्या वाट्याची असल्याने ती दोनदा मोजली जाते, म्हणून सहाने गुणावे. दूरच्या शेजाऱ्यांसकट बेरीज केली तर ती एप्सिलॉनच्या ८.६१ पट, म्हणजे ८.५९ किलोज्यूल प्रति मोल होते. घन अर्गॉनचे अणू सुटे करण्यास लागणारी, प्रयोगातून मिळणारी ऊर्जा ७.७४ आहे. मधला फरक मुख्यतः अणूंच्या शून्य-बिंदू कंपनांचा (निरपेक्ष शून्य तापमानालाही न थांबणाऱ्या कंपनांचा) असून डेबाय तापमान, म्हणजे घनातील कंपनांचे तापमानात सांगितलेले माप, ९२ केल्विन धरल्यास ती ऊर्जा सुमारे ०.८६ येते. इतक्या साध्या सूत्राने प्रयोगाच्या एवढे जवळ पोहोचता येते, ही मला खरोखर मोलाची गोष्ट वाटते.

मोठ्या रेणूंसाठी पद्धत तीच राहते, फक्त जोड्या वाढतात. संत्र्याच्या सालीतील तेलाचा मुख्य घटक लिमोनीन घेतला तर एका रेणूत दहा कार्बन आणि सोळा हायड्रोजन, म्हणून दोन रेणूंमध्ये ६७६ जोड्या होतात. भिन्न अणूंच्या जोडीसाठी दोन्ही सिग्मांची सरासरी आणि दोन्ही एप्सिलॉनच्या गुणाकाराचे वर्गमूळ घ्यावे.

संगणकावर पुंजरसायनाने हीच ऊर्जा काढायची असल्यास जोडीच्या एकूण ऊर्जेतून दोन सुट्या रेणूंची ऊर्जा वजा करावी. एका अर्गॉन अणूची एकूण ऊर्जा साधारण उणे १३.८ लाख किलोज्यूल प्रति मोल असते आणि आपल्याला त्यातून एक किलोज्यूल वेगळा काढायचा असतो, म्हणून गणनेचे निकष कडक ठेवावेत. बी-थ्री-एल-वाय-पी ही प्रचलित पद्धत एकटी वापरल्यास दोन अर्गॉन अणूंमध्ये आकर्षणच दिसत नाही. तिला ग्रिमे व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडलेली, हे क्षीण आकर्षण वेगळे मिळवणारी डी-३ दुरुस्ती जोडावी. शिवाय जवळ आलेला रेणू शेजाऱ्याचा बेसिस सेट (इलेक्ट्रॉनांचे वर्णन करण्यासाठी घेतलेला गणिती फलनांचा संच) वापरून आपली ऊर्जा कृत्रिमरीत्या खाली आणतो आणि आकर्षण फुगलेले दिसते. यावर बॉइज आणि बर्नार्डी यांनी १९७० मध्ये सुचवलेला उपाय असा, की प्रत्येक सुट्या रेणूची ऊर्जाही जोडीच्या पूर्ण बेसिस सेटमध्ये, शेजाऱ्याच्या जागी केंद्रक व इलेक्ट्रॉन न ठेवता, काढावी आणि तीच वजा करावी.