सेकंडहँड कन्व्हर्टिबल घेताय? आधी कार्पेटखाली हात घाला

कन्व्हर्टिबल स्पोर्ट्स कार बघायला गेलं की नव्वद टक्के लोक आधी बॉनेट उघडतात, इंजिन चालू करून आवाज ऐकतात आणि मग छत खाली करून एक चक्कर मारतात, आणि त्या चकरेतच मन ठरून जातं. मीही पहिल्यांदा असंच केलं होतं. कडक ऊन, स्वच्छ रस्ता, दहा मिनिटांची ट्रायल, इंजिन एकदम खणखणीत. गाडी घरी आणली, पहिला मोठा पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर कुबट वास. सीटखालचं कार्पेट दाबलं तर स्पंजसारखं पाणी वर आलं. त्याच कार्पेटखाली गाडीचं एक इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल होतं, ते गेलं, आणि वायरिंगच्या कनेक्टरवर आधीपासूनच हिरवा गंज होता, म्हणजे हे पाणी काही पहिल्यांदा आलेलं नव्हतं. इंजिनाला मात्र शेवटपर्यंत काही झालं नाही.

तेव्हापासून कोणीही विचारलं की मी एकच सांगतो, या गाडीत आधी पाणी शोधा, इंजिन नंतर. पण त्याच्याही आधी एक गोष्ट ठरवावी लागते आणि ती घरी बसूनच ठरवायची असते.

ही तुमची एकुलती एक गाडी असणार आहे का? असेल तर सीट दोन, डिक्की छोटी, मागचं कमी दिसतं, हायवेवर कापडी छतामुळे आवाज जास्त, हे सगळं रोज सहन होईल का याचं उत्तर स्वतःला खरं द्या. दुसरी गाडी असेल तर प्रश्न निम्मा सुटला. पार्किंग कुठे आहे तेही बघा. झाडाखाली उभी राहणार असेल तर पानं, चीक, पक्ष्यांची घाण हे सगळं छतावर आणि छताच्या कडेच्या खाचांमध्ये जाणार, आणि या खाचांमधूनच पाणी बाहेर जायची वाट असते. वर शेड असेल तर कापडी छताचं आयुष्य खूप वाढतं.

आणि गाडीत बसून बघा, पण छत बंद करून, आणि निदान अर्धा तास. उंच माणसांनी तर नक्कीच, कारण काही गाड्यांमध्ये डोकं छताला लागतं, काहींमध्ये गुडघा स्टिअरिंगला घासतो, काहींमध्ये समोरच्या काचेची वरची पट्टी बरोब्बर डोळ्यांसमोर येते. जी व्यक्ती शेजारी बसणार आहे तिलाही घेऊन जा. बसणं-उठणं जमत नसेल तर ती गाडी दोन महिन्यांनी नुसती उभी राहते, हे मी जवळून बघितलंय.

आता छताचा प्रकार. कापडी छत हलकं असतं, साधं असतं आणि दुरुस्तीला तुलनेनं सोपं. घडी होणारं धातूचं छत १९९६ च्या मर्सिडीज एसएलकेनंतर बऱ्याच कंपन्यांनी आणलं, बंद असताना गाडी शांत वाटते आणि सुरक्षितही वाटते, पण त्यात मोटर, हायड्रॉलिक पाइप, सेन्सर, लॅच असा पसारा असतो, आणि छत खाली केलं की बहुतेक गाड्यांत डिक्कीची जागा जवळजवळ संपते. माझ्दा एमएक्स-५ च्या तिसऱ्या पिढीत २००६ ला आलेलं फोल्डिंग हार्डटॉप याला चांगला अपवाद आहे, ते सीटमागच्या जागेत मावतं, डिक्की तेवढीच राहते. जुनी गाडी घेत असाल आणि मेकॅनिक ओळखीचा नसेल तर माझं मत सरळ कापडी आणि हातानं उघडायच्या छताकडे जातं, जे नाहीच ते बिघडणार कसं?

कापडी छतात मागची काच काचेचीच आहे की प्लास्टिकची ते बघा. पोर्शेच्या पहिल्या बॉक्स्टरला २००२ पर्यंत प्लास्टिकची होती, बीएमडब्ल्यू झेड३ ला तर शेवटपर्यंत प्लास्टिकचीच. हे प्लास्टिक पिवळं पडतं, घडीवर पांढरी रेघ येते आणि थंडीत घडी घातली तर तडकतं. मालक जर छत खाली करताना मध्येच थांबवून हातानं ती खिडकी नीट सरळ करत असेल तर समजा माणूस गाडी जपणारा आहे, मला तर सर्व्हिस बुकातल्या शिक्क्याइतकाच त्या सवयीवर भरवसा वाटतो.

आता मुख्य काम. गाडी बघायला जाताना टॉर्च, जुना टॉवेल आणि जमिनीवर आडवं पडता येईल असे कपडे. दार उघडल्या उघडल्या आधी वास घ्या. कुबट वास किंवा त्यावर मारलेला भरपूर परफ्यूम, दोन्हीचा अर्थ बहुतेक वेळा एकच निघतो. मग सीट पुढे-मागे करून कार्पेटखाली, खालच्या फोमपर्यंत हात घाला, वरून कार्पेट कोरडं असतं आणि खालचा फोम आठवडेच्या आठवडे ओला राहतो. सीटच्या रेल्सवर आणि बोल्टवर गंज आहे का? सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या भागावर पाण्याचा डाग किंवा बुरशी असेल तर पाणी वरून येतंय. डिक्कीत स्टेपनीची जागा आणि बॅटरीच्या आजूबाजूचा भाग बघा.

पाणी बाहेर जायला प्रत्येक गाडीत ड्रेन असतात आणि ते तुंबले की पुढचं नुकसान कुठे होतं हे मॉडेलवर ठरतं. पहिल्या दोन पिढ्यांच्या एमएक्स-५ मध्ये ड्रेन सीटच्या मागे दोन्ही कोपऱ्यांत असतात, तुंबले की पाणी आत येतं आणि दाराखालच्या पट्टीत, म्हणजे सिलमध्ये, जाऊन आतून गंज धरतो. पहिल्या बॉक्स्टरमध्ये अलार्म आणि सेंट्रल लॉकिंगचं मॉड्यूल सीटखाली असतं, ते भिजलं की गाडी चालू व्हायलाही नकार देऊ शकते. २००२ ते २००८ च्या बीएमडब्ल्यू झेड४ मध्ये छताची हायड्रॉलिक मोटर अशा कोपऱ्यात बसवलीय की ड्रेन तुंबला की ती चक्क पाण्यात बुडते. या तिन्ही गाड्या चांगल्याच आहेत, फक्त कुठे बघायचं ते माहीत पाहिजे.

मग मालकाला विचारून पाइपनं पाणी मारा, जोरात नाही, पावसासारखं, पाचेक मिनिटं, आणि तुम्ही आत बसा. काचेच्या वरच्या कोपऱ्यात जिथे दाराची काच, समोरचा खांब आणि छत एकत्र येतात तिथे टॉवेल धरून बसा, रबर सील सगळ्यात आधी तिथेच दगा देतं. मालक याला तयार नसेल तर मी ती गाडी सोडून देतो. नवीन सील, नवीन छत, मोटर यांचे भाव जाण्याआधीच काढून ठेवा, म्हणजे जागेवर बोलता येतं.

छत स्वतः तीन वेळा उघड-बंद करायला सांगा, सलग. एकदा चाललं म्हणजे काही नाही, कमजोर मोटर किंवा कमी झालेलं हायड्रॉलिक ऑइल दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला उघडं पडतं. छत दोन्ही बाजूंनी सारखं वर येतंय का, मध्ये कुठे अडकतंय का, लॅच लावताना हातानं ओढावं लागतंय का?

इथे गंजाबद्दल जरा सविस्तर सांगावंसं वाटतं कारण लोक याला वरवर घेतात. बंद गाडीत छप्परसुद्धा बॉडीचा भार घेतं. कन्व्हर्टिबलला ते नाही, म्हणून खालचा फ्लोअर आणि दोन्ही सिल यांच्यावरच गाडीचा ताठपणा असतो. तिथे गंज म्हणजे गाडीचा कणाच पोखरलाय. त्यामुळे गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. सिलच्या मागच्या टोकाला, मागच्या चाकाच्या पुढे, बोटानं ठोकून बघा, घट्ट आवाज यायला हवा. नवीन काळं अंडरकोटिंग फक्त तेवढ्याच जागी असेल तर खाली काय झाकलंय ते विचारा. दुसऱ्या पिढीच्या एमएक्स-५ ला पुढच्या चॅसी रेल्स गंजतात, त्या वरून दिसत नाहीत. झेड३ मध्ये गंज नसतानाही डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) जिथे टांगलेलं असतं तिथला डिक्कीखालचा पत्रा फाटतो आणि स्पॉट वेल्ड सुटतात, तेव्हा कार्पेट उचलून वरून आणि लिफ्टवरून खालून दोन्हीकडून बघा. दार आणि बॉडीमधली फट वरून खालपर्यंत सारखी नसेल तर एकतर अपघात झालाय नाहीतर बॉडी वाकलीय.

इंजिनाचं लवकर सांगतो. पहिल्या दोन पिढ्यांच्या एमएक्स-५ ला टायमिंग बेल्ट आहे, साधारण १ लाख किलोमीटरला बदलतात, बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरा. तिसऱ्या पिढीपासून चेन आहे. बॉक्स्टर आणि त्या काळच्या पोर्शे ९११ मधलं आयएमएस बेअरिंग (इंजिनातल्या मधल्या शाफ्टचं बेअरिंग) गेलं तर इंजिनच जातं, साधारण २००० ते २००५ च्या गाड्यांना ही भीती जास्त, २००९ पासूनच्या नवीन इंजिनात ते बेअरिंगच नाही. बेअरिंग बदललं असेल तर कागद बघा, नसेल तर क्लच बदलताना ते काम होतं म्हणून तो खर्च किमतीतून वजा करा. होंडा एस२००० चं सुरुवातीचं इंजिन ९,००० आरपीएमच्या आसपास फिरतं, ते त्यासाठीच बनवलंय, पण कोणी गिअर उतरवताना चुकून फार खालचा गिअर टाकून आरपीएम त्याच्याही वर नेलं असेल तर व्हॉल्व्हच्या भागांना इजा होते, म्हणून कॉम्प्रेशन आणि लीकडाउन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब किती तयार होतो आणि किती गळतो याची तपासणी, करून घ्या. स्कॅनर लावलात तर नुसते फॉल्ट कोड नका बघू, गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्यात का तेही बघा, सगळ्या अपूर्ण दिसल्या तर कोणीतरी नुकतेच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढलीय.

ट्रायलला जाताना मालकाला आधीच सांगा की इंजिन गरम करून ठेवू नका. बॉनेटला हात लावून खात्री करा. थंड स्टार्टला निळा धूर, टकटक आवाज, पहिल्या दोन किलोमीटरमध्ये सेकंड गिअर करकरतोय का, हे सगळं गरम झाल्यावर लपतं. खराब रस्त्यावरून एकदा छत बंद आणि एकदा उघडं ठेवून चालवा. स्टिअरिंग आणि समोरची काच थोडी थरथरणं जुन्या कन्व्हर्टिबलमध्ये चालतं, पण दार खिळखिळं वाजत असेल, आरसा इतका हलत असेल की मागचं नीट दिसत नाही, तर परत लिफ्टवर न्या.

कमी चाललेली गाडी बघून भुलू नका. वीस वर्षांत पंचवीस हजार किलोमीटर म्हणजे गाडी उभी होती, आणि उभ्या गाडीत रबर सुकतं, ब्रेक धरतात, ऑइल सील गळायला लागतात. टायरच्या बाजूवर डॉट कोडच्या शेवटी चार आकडे असतात, २३१४ असेल तर २०१४ सालचा तेविसावा आठवडा, मग त्यावर खाच कितीही असू दे, ते टायर बदलायचेच. मी तर दर आठवड्याला चाललेली, बिलांची जाड फाइल असलेली, थोडे ओरखडे असलेली गाडी घेईन. इन्शुरन्सचा आकडा मात्र सौदा करण्याआधी मागवा, नंतर नाही, आणि चॅसी नंबर कागदावरचा, काचेखालचा आणि बॉडीवरचा तिन्ही जुळवून घ्या.

हे सगळं झाल्यावर घरी येऊन दोन याद्या करा. एकीत टायर, बेल्ट, क्लच, सील, फाटलेलं कापड, म्हणजे पैसे टाकले की सुटणारं सगळं, त्याची बेरीज करून मालकासमोर ठेवा. दुसरीत सिलमधला गंज, वाकलेली बॉडी, भिजलेलं वायरिंग आणि न जुळणारे कागद. दुसऱ्या यादीत एक जरी गोष्ट लिहावी लागली तर किंमत कितीही खाली आली तरी मी फोन करून नाही म्हणतो, आणि पुढची गाडी बघायला निघतो, जमलं तर आदल्या रात्री पाऊस झालेला असेल अशा सकाळी.